अर्जदार क्र. १ मी, अर्जदार क्र. २ माझी लेक : दिव्यांग हक्कांची केस वकिलाशिवाय लढताना

कॉलेजच्या लिफ्टची किल्ली ऑफिसातल्या लोखंडी कपाटात खिळ्याला टांगलेली असायची. शिपाई आला की लिफ्ट चालू, शिपाई बँकेत गेला की बंद. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते, बोलणं सावकाश. अकरावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मला लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी, आणि पालकसभा तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. त्या एका किल्लीने आम्ही दोघंही अडलो, म्हणून तक्रारीवर नावंही दोन आली.

वकील लावला नाही. पैसे नव्हते हे एक. दुसरं म्हणजे आमचं प्रकरण तारखांचं आणि कागदांचं होतं, त्यात कायद्याचा कीस काढायला फारसं काही नव्हतं. तुमचंही तसंच असेल तर पुढचं उपयोगी पडेल. (मी स्वतःला अपंगच म्हणतो. कायद्याच्या मराठीत ‘दिव्यांग’ आहे म्हणून लेखात तो शब्द.)

आधी मोफत वकिलाचं बघून घ्या

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना आणि मुलांनाही नाही. म्हणजे दिव्यांग मुलाची आई स्वतः धडधाकट असली, पगारदार असली, तरी ती पात्र आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. फोन करायचा तर १५१००.

नोकरीवरून काढलं असेल, मारहाण-अपमानाचा फौजदारी गुन्हा असेल किंवा साक्षीदारांची उलटतपासणी लागणार असेल तर हट्ट सोडा आणि वकील घ्या. लिफ्ट, रॅम्प, लेखनिक, परीक्षेतला जादा वेळ, अडकलेलं प्रमाणपत्र असल्या प्रकरणांत मात्र माणूस स्वतः उभा राहू शकतो. मधला मार्ग मी काढला. प्राधिकरणात जाऊन तक्रारीचा मसुदा वाचून घेतला, लढलो आम्हीच.

कोण कोणासाठी बोलू शकतं

सगळ्यात जास्त माणसं इथे ठेचकाळतात. स्वतःची केस स्वतः चालवणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. बायकोची, भावाची, म्हाताऱ्या वडिलांची केस कोर्टात चालवणं हा हक्क नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ प्रमाणे दुसऱ्यासाठी बाजू मांडायची ती वकिलाने. त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये एक फट ठेवली आहे : त्या एका प्रकरणापुरती कोर्ट वकील नसलेल्या माणसालाही परवानगी देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हरिशंकर रस्तोगी प्रकरणात सांगितलं की ही परवानगी आधी घ्यायची, आणि ती ज्याची केस आहे त्याने मागायची. म्हणजे अर्ज ‘मला माझ्या बहिणीसाठी बोलू द्या’ असा लिहायचा नाही. ‘माझ्या वतीने माझ्या भावाला बोलू द्यावं’ असा बहिणीने लिहायचा, सही किंवा अंगठा तिचा.

‘पण आम्ही कुलमुखत्यारपत्र केलंय की!’ हे हमखास ऐकू येतं. कुलमुखत्यारपत्रावर तुम्ही कागद दाखल करू शकता, सही करू शकता, हजर राहू शकता. युक्तिवाद करता येत नाही, हे टी. सी. मथाई प्रकरणात १९९९ मध्ये स्पष्ट झालं आहे. आणि जे फक्त तिला ठाऊक आहे, तिने सोसलंय, त्याची साक्ष तिच्या जागी तुम्ही देऊ शकत नाही. हे डिसेंबर २००४ च्या जानकी भोजवानी निकालातलं. नोटरीचे पैसे घालवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

मूल १८ वर्षांखालचं असेल तर ते पालकामार्फत येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२ हा त्यासाठीच आहे. मराठी अर्जात नाव असं लिहितात (अज्ञान म्हणजे १८ खालचं, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता) : ‘कु. अमुक, वय १७, अज्ञान, तर्फे अ.पा.क. वडील श्री. तमुक’. केस चालू असताना मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली तर अ.पा.क.चं काम तिथे संपतं. पुढे चालवायचं की नाही हे त्याने स्वतः सांगायचं आणि शीर्षक बदलून घ्यायचं. आमचं नेमकं हेच झालं. तिसऱ्या तारखेच्या आधी लेक १८ ची झाली आणि मी ते विसरलो. कारकुनाने जन्मतारीख बघून विचारलं, ‘आता ही सही तुमची कशी चालेल?’ घरी येऊन एका पानाचा अर्ज तिच्या नावाने केला. तिला सहीला वेळ लागतो, अक्षर डोंगरासारखं वर-खाली जातं. पण सही तिचीच हवी. शारीरिक अपंगत्व असलेली सज्ञान व्यक्ती कायद्याने पूर्ण व्यक्ती आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १३ हेच म्हणतं.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती १८ वर्षांवरची असेल आणि तिला खरोखरच निर्णयासाठी आधार लागत असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली कायदेशीर पालकत्व मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. आईवडील आहोत म्हणून वयाच्या १८ नंतर आपोआप पालक राहतो, हा गैरसमज घरोघरी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांसाठी दिवाणी कोर्टात आदेश ३२ चा नियम १५ आहे, तिथे कोर्ट आधी चौकशी करतं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मधला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ हा उपचारापुरता असतो, त्या कागदावर केस चालवता येत नाही.

दिव्यांग आयुक्तांपुढे आणि ग्राहक आयोगापुढे हे सगळं पुष्कळ सैल आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत दिव्यांग आयुक्तांकडची तक्रार स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत देता येते. ग्राहक आयोगातही वकील नसलेला प्रतिनिधी चालतो. त्यामुळे घरच्या माणसाची बाजू मांडायची असेल तर पहिलं दार निवडताना ही गोष्ट लक्षात घ्या.

फाइल

दोन फाइली करा, दोन रंगांच्या. तुमच्या हक्काची एक, घरच्या माणसाच्या हक्काची दुसरी. आमची चूक अशी की सुरुवातीला सगळं एकत्र होतं. ‘तुम्ही पालक म्हणून बोलताय की स्वतः दिव्यांग म्हणून?’ असा प्रश्न आला तेव्हा मी पानं उलटत राहिलो.

प्रत्येकाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र लावा. टक्केवारी बघा, कारण आरक्षण आणि काही सवलतींना ४० टक्के लागतात. पण भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अडत नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या निकालात लिहिताना हात आखडण्याचा (रायटर्स क्रॅम्प) त्रास ४० टक्क्यांत बसत नसतानाही लेखनिक द्यायला सांगितलं गेलं.

मग तारखांची वही. इथे आळस करू नका, आमची अर्धी केस त्या वहीने उभी केली. दोन नोंदी जशाच्या तशा :

‘१४ जुलै, सकाळी ८.४०. लिफ्टला कुलूप. शिपाई रजेवर. जिना चढायला २२ मिनिटं. पहिला तास बुडाला.’

‘१९ जुलै. पालकसभा, तिसरा मजला. मी खाली बाकावर बसलो. सभा संपल्यावर सरांनी खाली येऊन प्रगतिपुस्तक दिलं.’

‘रोज त्रास होतो’ या तीन शब्दांना कोणी विचारत नाही. २२ मिनिटं म्हटलं की समोरचा माणूस मान वर करतो.

तोंडी विनंतीला पुरावा नसतो. प्राचार्यांना पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर वाद घालू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद छापून ठेवा. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट लावायचे असतील तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. मूळ फोन विकू नका.

माहिती सरकारी कार्यालयात अडकली असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात १० रुपयांचा स्टॅम्प, १५० शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. उत्तर ३० दिवसांत. मी नगरपालिकेकडून इमारतीच्या परवानगीचा नकाशा मागवला. नकाशात रॅम्प होता! जागेवर तीन पायऱ्या होत्या.

कोणत्या दारात जायचं

सरकारी नोकरीतला प्रश्न असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे (पुढची कलमंही याच कायद्यातली) कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. पहिली तक्रार तिथे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. विमान कंपनी, विमा, बँक यांच्या सेवेतली खोट असेल तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. कलम ९२ मधला अपमान, मारहाण, छळ हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा, त्यासाठी पोलीस ठाणं.

बाकी बहुतेकांसाठी दार पुण्याचं, राज्य दिव्यांग आयुक्तांचं. त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. मराठीत तक्रार चालते. पण दोन गोष्टी आधीच ओळखून असा. आयुक्त शिफारस करतात. आणि तातडीची मनाई त्यांच्याकडून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ पटियालाच्या प्रकरणात मुख्य आयुक्तांबाबत सांगितलेलं आहे. परीक्षा दहा दिवसांवर आली असेल आणि लेखनिक नाकारला असेल तर आयुक्तांच्या तारखेची वाट बघत बसू नका. तेव्हा उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका.

उच्च न्यायालयात स्वतः उभं राहायचं तर तयारी वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे वकिलाशिवाय येणाऱ्या पक्षकाराला आधी रजिस्ट्रीतल्या दोन अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावं लागतं. तुम्ही कोर्टाला मदत होईल असं मांडू शकता का, हे ते बघतात. भाषा सभ्य ठेवीन अशी हमी लिहून द्यावी लागते. कामकाज इंग्रजीत, त्यामुळे मराठी कागदांचं भाषांतर. खालच्या कोर्टांत १९९८ पासून मराठी ही न्यायालयाची भाषा आहे, तिथे ही अडचण नाही. आमच्यासारख्या सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडच्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच झाल्याने मुंबईची खेप वाचते. कुबडी घेऊन रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी कोर्टात उभं राहणं काय असतं ते गेलेल्यालाच ठाऊक. गोव्याच्या मंडळींना पणजी-पर्वरीचं खंडपीठ आहेच.

तक्रार लिहिताना

चार-पाच पानं पुरे. वर अर्जदार, खाली प्रतिवादी. प्रतिवादीत एकट्या कॉलेजला घालू नका, शिक्षण विभागालाही घाला, कारण कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थांची इमारत सुगम करून घेण्याची आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय देववण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ‘आमची खासगी संस्था आहे’ हे उत्तर येणारच. खासगी शाळा-कॉलेजची इमारतही या कायद्यात सार्वजनिक इमारतच आहे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कलम ४५ ने दिलेली पाच वर्षं २०२२ च्या जूनमध्येच संपली.

मजकूर तारीखवार लिहा. अर्जदार क्र. १ च्या तक्रारीचे परिच्छेद वेगळे, क्र. २ चे वेगळे. तिच्या परिच्छेदात तिचे शब्द येऊ द्या. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘माझी मुलगी अत्यंत मानसिक यातना भोगत आहे.’ तिने वाचलं आणि म्हणाली, ‘यातना नाही. मला उशीर होतो म्हणून मैत्रिणी मला ग्रुपमध्ये घेत नाहीत, ते लिहा.’ ते लिहिलं. सुनावणीत तेच वाक्य मोठ्याने वाचलं गेलं.

निकालांची नावं चार पुरेत, आणि निकालाची सगळी पानं न जोडता नेमका परिच्छेद जोडा. नुकसानभरपाई मागणार असाल तर जीजा घोष प्रकरण उपयोगी : २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवलं, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये द्यायला लावले. परीक्षेतल्या सवलतीसाठी अवनी प्रकाश, २०२१. इमारतींसाठी राजीव रतुरी, ८ नोव्हेंबर २०२४ : सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असायला हवेत असं त्यात म्हटलंय.

आता ‘विनंती’चा भाग. इथे ‘न्याय मिळावा’ असं लिहिलंत तर हातात काही पडत नाही. मोजता येईल असं मागा :

‘(अ) लिफ्ट कॉलेजच्या पूर्ण वेळेत कुलपाशिवाय चालू ठेवावी.
(ब) लिफ्ट दुरुस्तीला असेल त्या दिवशी अर्जदार क्र. २ चे सर्व तास व प्रात्यक्षिकं तळमजल्यावर घ्यावीत.
(क) मुख्य दरवाजाच्या ४५ सें.मी. उंचीसाठी १:१२ उताराचा, म्हणजे किमान ५.४ मीटर लांबीचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला रॅम्प ६० दिवसांत बांधावा.
(ड) पालकसभा तळमजल्यावर घ्यावी.
(इ) पूर्ततेचं छायाचित्रांसह शपथपत्र दाखल करण्यास सांगावं.’

यातला (क) आम्ही पहिल्यांदा असा लिहिला नव्हता. नुसतं ‘रॅम्प बांधावा’ होतं. त्याची किंमत पुढे सांगतो.

शेवटी सत्यापन (लिहिलंय ते खरं आहे अशी हमी) आणि सह्या, दोघांच्या स्वतंत्र. सोबतच्या कागदांना क्रमांक आणि यादी. प्रती जितके प्रतिवादी तितक्या, एक कार्यालयाला, एक आपल्याला. ऑफिसने त्रुटी काढल्या तर घाबरू नका. पान क्रमांक नाही, प्रत अंधुक आहे, असलंच काहीतरी असतं. त्रुटींचा कागद लेखी मागा आणि एकाच खेपेत सगळं पुरं करा.

तारखेच्या दिवशी

तारखेच्या आठ दिवस आधी तुम्हाला काय लागतं ते पत्राने कळवा : तळमजल्यावरची खोली, बसून बोलण्याची मुभा, व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय, सांकेतिक भाषेचा दुभाषी. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १२ न्यायालयं आणि न्यायिक अधिकार असलेल्या यंत्रणांपर्यंत दिव्यांगांना पोहोचता यावं यासाठीच आहे. संकोच करू नका.

एका कागदावर पाच ओळी लिहून न्या. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणतं कलम, काय मागतो, कोणता कागद किती पानावर. बोलायला पाच मिनिटं मिळाली तर नशीब. समोरचे वकील पुढची तारीख मागतील. मागू द्या, पण प्रत्येक वेळी ‘दरम्यान लिफ्ट चालू राहील असं रोजनाम्यात नोंदवावं’ एवढं वाक्य म्हणाच (रोजनामा म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद).

आमच्या दुसऱ्या तारखेला सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी लेकीकडे बघून विचारलं, ‘तुला स्वतःला काय हवंय?’ तिला पहिला शब्द यायलाच वेळ लागतो. खोलीत सगळे थांबले, मला ती शांतता सोसेना, मी म्हणालो, ‘मॅडम, तिचं म्हणणं असं की...’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही थांबा. मी तिला विचारलंय.’ मग जवळपास मिनिटभराने लेक म्हणाली, ‘किल्ली. मला द्या.’

कॉलेजचा माणूसही हसला, आणि त्याच तारखेला किल्लीचा प्रश्न सुटला. तेव्हापासून मी तिच्या भागावर बोलायच्या आधी तिला विचारतो, आणि तिची वाक्यं कागदावर मोठ्या अक्षरात छापून नेतो. तिला बोलता आलं नाही तर कागद ती पुढे करते.

समोरचा बोलताना मध्ये बोलू नका. ‘तुमच्यावर अशी वेळ आली असती तर’ हे वाक्य तोंडाशी येतं, गिळा. आणि तडजोड पुढे आली तर आपल्याच दोन अर्जदारांत मतभेद होऊ शकतात हे धरून चाला. मला पालकसभा तळमजल्यावर हवी होती. लेकीला माझ्या सभेशी काही देणंघेणं नव्हतं, तिला लिफ्ट हवी होती, आणि कॉलेज एकाच गोष्टीला तयार होतं. आम्ही बाहेर येऊन व्हरांड्यात बोललो. तडजोडीच्या कागदावर तिने तिच्यापुरती सही केली, माझा मुद्दा चालू राहिला.

आदेश हातात आल्यावर

प्रमाणित नक्कल लगेच मागा, दोन घ्या. आयुक्तांची शिफारस असेल तर कलम ८१ प्रमाणे त्या संस्थेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि मान्य नसेल तर कारणं आयुक्तांना आणि तुम्हालाही द्यायची असतात. तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र, त्यानंतर पूर्तता न झाल्याचा अर्ज. तरीही हालचाल नसेल तर ती शिफारस हाताशी धरून रिट करता येतं, आणि तेव्हा ‘आम्ही सगळे दरवाजे ठोठावून आलोय’ हे दाखवायला हीच फाइल लागते. कायदा मोडल्याचा दंडही आहे, कलम ८९ : पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत, पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख.

पूर्तता झाल्याचं पत्र आलं तर ते खरं मानून फाइल बंद करू नका. जागेवर जा, टेप घेऊन. आम्हाला पत्र आलं, ‘आदेशानुसार रॅम्प बांधण्यात आला आहे.’ लेकीने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. उंची ४५ सेंटिमीटर, लांबी २ मीटर १० सेंटिमीटर. वॉकर त्यावर ठेवला की मागे घसरतो. नुसतं ‘रॅम्प बांधावा’ मागितलं होतं, रॅम्प बांधून झाला होता. टेपसकट फोटो काढले, प्रमाणपत्र जोडलं, उताराचा हिशोब मांडला आणि दुसरा अर्ज केला. या वेळी अर्जदार एकच आहे, आणि तो मी नाही. सही करायला तिला चार मिनिटं लागली.